वहिनीकडे मागितलेलं लुगडं

शेजारची म्हातारी गेली त्या सकाळी तिच्या मुलांना तिचं आधार कार्ड सापडेना. म्हातारी बाहेर अंगणात निजवलेली, आणि आत तिचे दोन्ही मुलगे स्वयंपाकघरातले डबे पालथे करत होते. आई महत्त्वाचं सगळं डाळीत लपवते, एवढं त्यांना ठाऊक होतं. मुगाच्या डाळीत बँकेचं पासबुक निघालं, हरभऱ्याच्या डाळीत सोन्याचे चार मणी. कार्ड निघेना.

"काकू, तुमाले काही सांगतलं होतं का तिनं?" थोरल्यानं मला विचारलं.

मला तिनं सुनांबद्दल पुष्कळ सांगितलं होतं. कार्डाबद्दल काही नाही.

शेवटी ते फ्रिजवरच्या कव्हराखाली सापडलं. तोवर मी बायकांच्या घोळक्यात बसून पदर डोळ्यांना लावून मनातल्या मनात माझे डबे आठवत होते. कशात काय आहे, हे मलाच सांगता येईना. तुरीच्या डाळीत काहीतरी होतं एवढं आठवलं. घरी जाऊन पाहिलं तर डॉक्टरची पाच वर्षांपूर्वीची चिठ्ठी निघाली. वजन कमी करा असं लिहिलेली. मीच लपवली असणार.

पण त्या दिवशी खरं डोक्यात बसलं ते दुसरंच. कार्ड सापडलं तरी म्हातारीला उचलेनात. तिच्या माहेरचे यायचे होते. माहेर झरी जामणीच्याही पलीकडे, जंगलातलं गाव. आमच्याकडे बाईच्या अंगावर शेवटचं लुगडं माहेरचं पडतं. नवऱ्याच्या घरी पन्नास वर्षं राबली, तिथल्या साड्यांनी कपाट भरलं, तरी जाताना पांघरूण बापाच्या घरचं. तर सगळे थांबले. दोन तासांनी तिचा भाचा मोटरसायकलवर आला, चाळिशी उलटलेला, धुळीनं पांढरा झालेला. पिशवीतून लुगडं काढून त्यानं आत्याच्या अंगावर घातलं. त्याची घडीसुद्धा नीट मोडली नव्हती, काठावर दुकानाची चिठ्ठी तशीच होती. बायका तेवढ्यातही कुजबुजल्या, "रंग चांगला आनला."

मी एकटीच मोजत बसले. आई नाही, बाप नाही. भाऊ जाऊन आठ वर्षं झाली. त्याचा मुलगा हैदराबादला, त्याला माझा चेहरा तरी आठवतो का कुणास ठाऊक. माझ्या अंगावर कोण घालणार?

माझं घर वणीला. नवरा कोळशाच्या खाणीत कारकून होता. खाणीच्या क्वार्टरमध्ये संसार झाला, निवृत्तीनंतर हे तीन खोल्यांचं घर बांधलं. सहा वर्षांपूर्वी तो गेला. मुलगा पुण्याला. वणीची एक गंमत सांगते. इथं सकाळी पुसलेल्या खिडकीवर दुपारी बोटानं नाव लिहिता येतं. कोळशाचे ट्रक दिवसभर जातात आणि घराघरात काळं पीठ पेरत जातात. म्हातारपणी वेळ जात नाही असं लोक म्हणतात. त्यांनी वणीला येऊन राहावं.

तर त्याच आठवड्यात मी आवराआवर काढली. एक प्लॅस्टिकची फाइल आणली. आधार, राशन कार्ड, गॅसचं पुस्तक, घराचे कागद, विजेचं बिल, सगळं एकेका कप्प्यात घातलं. वर एक कागद लावला. कुणाला फोन करायचा, शिलाई मशीन कुणाला द्यायची, लोणच्याची बरणी उघडी ठेवू नका, तुळस समोरच्या मास्तरणीला द्या. मुलानं रविवारी व्हिडिओ कॉलवर पाहिलं आणि त्याचं तोंड उतरलं.

"आई, हे काय काढलंस तू?"

"आवरून राह्यली. तुम्ही आल्यावर डाळ उपसत बसाल म्हणून."

"तू इकडे ये ना मग."

"तिथं माझे डबे मावत नाहीत."

तो हसला नाही. सून मागून म्हणाली, आई गंमत करतात. मग नातू आला, त्यानं हात हलवला, आणि स्क्रीन काळी झाली. काळ्या काचेत थोडा वेळ मीच दिसत राहिले.

कपाट मात्र सोपं नव्हतं. कपाटात माझी जुनी ओळखीची बया निघाली, म्हणजे मीच, पंचविशीतली. तिचं एक गंगावन निघालं, उंदराच्या शेपटीसारखं झालेलं. स्वतःचे केस कमरेपर्यंत असताना ही बया वर खोटे केस लावून कॉलनीत मिरवायची. उंच टाचांच्या चपला निघाल्या, त्यातली एक टाच तुटलेली. त्या चपलांवर ती महिला मंडळाच्या हळदीकुंकवाला गेली होती आणि परत येताना नालीत गेली होती. वर लोकांना सांगितलं, गाईनं ढकललं. नायलॉनच्या सहा साड्या निघाल्या. उन्हाळ्यात वणीला नायलॉन नेसायची! अंग भाजून निघायचं, पण उतरवायची नाही. कॉलनीतल्या बायका नायलॉन नेसत, मग हिला सुती कसं चालणार. हिचा नवरा नोकरीवाला ना.

आणि वरच्या फळीवर तो स्टीलचा डबा. उंच, कडीचा, अजून चकचकीत. बाकी सगळं मी हसत हसत पोत्यात टाकलं. डब्याशी हात थांबला.

माझं माहेर बोरी अरबचं. कापसाचं, तुरीचं घर. भाऊ माझ्याहून चार वर्षांनी मोठा. लग्नाच्या सातव्या-आठव्या वर्षी भाऊबीजेला तो वणीला आला, तीन गाड्या बदलून. गुडघ्यापर्यंत धोतर, काखेत पिशवी. पिशवीतून त्यानं लुगडं काढलं. जाड सुती, मातकट रंगाचं, लाल काठाचं. बोरीच्या बाजारातलं. "तुया वयनीनं पसंत केलं," म्हणाला. शेजारच्या क्वार्टरमधली बाई तेव्हा नेमकी साखर मागायला आली होती. तिनं लुगड्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं. बस. तेवढ्यानं आमची बया पेटली.

भाऊ गेला आणि चौथ्या दिवशी भांडेवाली आली. जुने कपडे घेऊन स्टीलची भांडी देणारी. बयेनं ते लुगडं तिच्या पुढ्यात टाकलं. एकदाही न नेसलेलं. भांडेवालीनं ते उलटंपालटं केलं, घडी पाहिली.

"बाई, हे तं कोरं हाये."

"मग मोठा डबा दे."

तिनं मोठा डबा दिला. बयेनं वर एक डाव मागून घेतला.

पुढच्या भाऊबीजेला भाऊ आला, हातपाय धुतले, पाटावर बसला आणि म्हणाला, "बाई, स्टँडवर एका बाईच्या अंगावर आपल्यासारखंच लुगडं दिसलं बाप्पा. भाजी इकून राह्यली होती."

"बाजारात काय एकच असते?" मी म्हटलं.

"हाव. तेही खरं."

आणि मी त्याला चिवडा दिला. त्याच डब्यातून काढून. हे लिहिताना माझे कान गरम होतात, आणि हसूही येतं. एवढ्या बावळट बाईला कारकून तरी कसा मिळाला!

त्यानंतर त्यानं लुगडं आणलं नाही. दर दिवाळीला तुरीची डाळ आणायचा, घरच्या जात्यावरची. ठेवताना म्हणायचा, "घे बाई, तुया डब्यात भर." मला वाटायचं, टोमणा मारतो. त्याला कळलंय, तो दुखावलाय, आणि असा बोलून दाखवतो. मग मी त्याच्यासमोर बसेनाशी झाले. चहा ठेवायचा आणि आत जाऊन भाजी चिरायची. माहेरी जाणं कमी केलं. आज मुलाची परीक्षा, उद्या नवऱ्याची ड्यूटी. कुणी भांडलं नाही, कुणी कुणाला काही बोललं नाही. असंच अंतर पडत गेलं. तो गेला तेव्हा तेरवीला गेले, त्याच दिवशी परतले. त्यानंतर बोरीला पाऊल नाही.

फाइलमधल्या कागदावर सगळं लिहून झालं होतं. फक्त "लुगडं" असं लिहून पुढं काय लिहावं सुचत नव्हतं. समोरची मास्तरीण म्हणाली, "आता कोण पाहते काकू, सून घालेल." सून घालेल, मला माहीत आहे. चांगलं, महागाचं घालेल. पण मग मी कुठून आले होते, हे त्या अंगणात कुणालाच कळणार नाही. वणीच्या कोळशातूनच उगवली असं वाटेल.

माहेरचं म्हणून आता एकच माणूस उरलं होतं. वहिनी. ऐंशीला टेकलेली. मी ठरवलं की जाऊन मागायचं. जिवंतपणीच मागून आणायचं, फाइलच्या शेजारी ठेवायचं, म्हणजे कुणाला धावपळ नको. आपलं मरण असं घडी घालून ठेवण्याची हौस मला लागली होती.

पंच्याहत्तरी झाल्यापासून एस.टी.त मला तिकीट पडत नाही. कंडक्टरला कार्ड दाखवलं, तो म्हणाला, "कुठं आजी, लग्नाले का?" मी म्हटलं, "हो, माझ्याच." यवतमाळला गाडी बदलली. रस्त्यानं कापूस फुटलेला, बायका वेचत होत्या. खिडकीला डोकं टेकून मी वाक्यं जुळवत होते. वहिनी, एक मागायचं होतं. वहिनी, रागावू नका. एकही वाक्य धड होईना.

बोरीला उतरले. घर सापडायला विचारावं लागलं. माहेरचं घर विचारत जायचं, म्हणजे काय ते पाहा. पानटपरीवाला म्हणाला, "त्या हैदराबादले चालल्या त्या आजी का?"

दार उघडंच होतं. आत सगळा पसारा. गाद्या, पितळेची भांडी, सुपं, पोती. मधोमध वहिनी खाली बसून जुन्या चादरी फाडून बोचकी बांधत होती. तिनं मान वर केली, डोळे बारीक केले.

"कोन?"

"मी. वणीची."

तिनं मांडीवरची चादर बाजूला सारली. मग म्हणाली, "या बाई. बसा. नाही, तिथं नोका बसू, तिथं सुया हायेत."

तिचा मुलगा आठवड्यानं तिला घेऊन जाणार होता. वावर बटईनं, अर्ध्या वाट्यानं, दिलेलं, घराला गिऱ्हाईक आलेलं. तीसुद्धा आवराआवरच करत होती. मला पुष्कळ वर्षांनी कुणाशी तरी एकाच कामात असल्यासारखं वाटलं. मी तिच्यासमोर बसून गाठी मारायला लागले. चहा झाला. शेजारणीचं मरण सांगून झालं, डाळीतलं पासबुक सांगून झालं, ती खूप हसली. मग मी म्हटलं,

"वयनी, मले एक लुगडं पायजे."

"नेसाले?"

"नाही. शेवटचं."

तिचा हात थांबला. मी बोलत सुटले. भाऊ नाही, तुमचा मुलगा दूर, तुम्ही आता तिकडं चालल्या, फोन लागेल न लागेल, म्हणून आजच द्या, मी ठेवून देते. आणि बोलता बोलता, काही ठरवलेलं नसताना, त्या लुगड्याचंही बोलून गेले. "माया हातून एक पाप झालं वयनी. भावानं आनलेलं लुगडं मी—"

"कोनतं? डब्याचं का?"

मी हातातली गाठ अर्धीच सोडून तिच्याकडं पाहिलं.

"अवो बाई, ते सगळ्या बोरीले माईत हाये! तुमच्या भावानं त्या भाजीवालीले तिथंच इचारलं. तिनं सांगतलं, भांडेवालीपासून घेतलं. घरी आला आन् हसून हसून लोटला. म्हने, आपली बाई हुशार निंगाली, आपन लुगडं देल्लं तं तिनं डबा केला. आता लुगडं कायले नेऊ? डब्यात भराले दायच नेतो."

"म्हणजे ती डाळ..."

"मंग! दरसाली म्हनाचा. यंदा बाई हासते पाह्य. येऊन सांगे, नाही हासली. मंग पुढच्या साली म्हने, आता पाह्य." वहिनीनं चादरीची पट्टी टरकावली. "मंग मंग म्हनाले लागला, बाईले राग आला वाटते. मस्करी नोको कराले होती. पन दाय बंद नाही केली त्यानं."

चाळीस वर्षं माझा भाऊ दर दिवाळीला तीन गाड्या बदलून मला हसवायला येत होता. आणि मी आत जाऊन भाजी चिरत होते. सगळ्यांच्या चेष्टा करणारी मी, मला एक मस्करी कळली नाही. बावळट म्हणून त्या बयेला मी किती नावं ठेवली, पण हे तर मी पन्नाशीत, साठीतही करत राहिले. तेव्हा ती बया नव्हती. तेव्हा मीच होते.

रडले. वहिनीनं रडू दिलं. मग फाडलेली पट्टीच पुसायला दिली, कारण हाताशी तीच होती.

"चाला," ती म्हणाली.

"कुठं?"

"दुकानात."

बाजाराच्या रस्त्यावरचं कापडाचं दुकान. वहिनी काठी टेकत पुढं, मी मागं. दुकानदाराला तिनं सांगितलं, "सुती दाखव." मी हात घातला तो फिकट, राखी रंगाच्या एका लुगड्यावर. वहिनीनं ते माझ्या हातातून काढून परत गठ्ठ्यावर टाकलं आणि जांभळ्या रंगाचं, पिवळ्या काठाचं ओढून काढलं.

"हे? वयनी, या वयात? लोकं काय म्हनतील."

"लोकं उरले कुठं बाई?"

दुकानदारानं बांधून द्यायला कागद घेतला. वहिनी म्हणाली, बांधू नको. घरी नेऊन तिनं मला उभं केलं आणि म्हणाली, नेसा.

"अवो, ते तं त्या दिवशीचं..."

"त्या दिवशीचं मी देत नसतो. जित्या बाईच्या हाती ते देतात का कुठं? हे नेसाचं हाये. घरात नेसा, बाजारात नेसा, फाटस्तोवर नेसा. पेटीत ठेवशान तं हैदराबादहून येऊन वापस नेईन."

"आणि त्या दिवशी?"

"त्या दिवशी मी असली तं येईन. नसली तं..." ती निऱ्या मोजत होती, खाली बसून, माझ्या पायांशी. "नसली तं काय, तुमी तरी कुठं पाहाले असान."

निऱ्या सारख्या आल्या नाहीत. मी नीट केल्या नाहीत.

स्टँडवर ती पोचवायला आली. गाडी लागल्यावर माझ्या डोक्यात प्रकाश पडला की मी सकाळपासून माझ्याच मरणाचं बोलत आहे. खिडकीतून विचारलं, "वयनी, तुमच्यावालं कोन आनेल?"

"मायं माहेर कधीचंच सरलं." ती काठीवर दोन्ही हात ठेवून उभी होती. "तुमीच या. राखी रंग आनसान तं उठून बसेन, सांगून ठेवतो."

गाडी हलली. ती हात करत नव्हती, दोन्ही हात काठीवर होते.

पुढच्या आठवड्यात ती हैदराबादला गेली. फोन एकदा लागला, सुनेनं उचलला, म्हणाली, निजल्या आहेत. दुसऱ्यांदा वहिनी आली, पण तिला ऐकू येईना आणि मला तिचं कळेना. दोघी मिळून पुष्कळ वेळ हॅलो हॅलो केलं.

फाइलमधल्या कागदावर मी लिहिलं, लुगडं कोणतंही चालेल, माहेरचं मी नेसून घेतलं. मुलाला त्याचा अर्थ कळणार नाही. सून समजावेल, आई गंमत करतात.

लुगड्याचा रंग पहिल्या धुण्यातच गेला, झंपर जांभळा झाला. काठावर वणीचा कोळसा बसायला लागला आहे. मी ते दिवसाआड नेसते. दुधाला जाते, बाजारात जाते, बँकेच्या रांगेत उभी राहते. जुन्या काळी नवं लुगडं नेसून निघालं की चार दारांतून विचारणा व्हायची, माहेरचं का? आता त्या चार दारांतली तीन बंद आहेत आणि चौथ्यात भाडेकरू आहेत, ते कानाला फोन लावून असतात. पंधरा दिवस वाट पाहिली. कुणी विचारलं नाही. मग परवा मेथी घेताना भाजीवाल्याला मीच सांगितलं, "हे माझ्या माहेरचं आहे बरं का. बोरीचं. वहिनीनं घेतलं."

त्यानं लुगड्याकडे पाहिलं.

"हाव का आजी," तो म्हणाला, "मेथी एक जुडी देऊ का दोन?"

एकटीला एक पुरते. मी दोन घेतल्या.